आतली कडी

"वर धरा पाकीट. अजून वर. तोंड झाकू नका, माझं बी आन तुमचं बी."

मंगल कार्यालयाचा मालक स्टेजवर उभा राहून हे म्हणाला आणि खाली सतरंजीवर बसलेले लोक हसले. एरवी जिथं नवरा-नवरीच्या लाल गादीच्या खुर्च्या मांडतात, तिथं आम्ही एकतीस पोरी ओळीनं उभ्या होतो. पूरग्रस्त पोरी. प्रत्येकीच्या हातात सॅनिटरी पॅडचं पाकीट, आणि पाकिटावर मालकाचा फोटो. पॅडच्या पाकिटावर हात जोडून हसणारा पुरुष मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"लाजायला काय झालं? समद्या जगाला म्हाईत हाय," तो म्हणाला.

माझा बाप तिसऱ्या ओळीत बसलेला होता. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. मालकाचा पुतण्या समोर उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याच्या उजव्या हाताला पांढरी पट्टी होती. कुत्रं चावलं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं.

मी पाकीट वर धरलं. हे आधीच सांगून टाकते. मागून शूरपणाच्या गोष्टी सांगणारे लई असतात. मी धरलं, चांगलं डोक्याच्या वर, आणि फोटोसाठी हसलेसुद्धा. सतरा वर्षांची होते. दोन टायमाचं जेवण त्याच माणसाच्या कढईतून येत होतं.

मग मालक माईक तोंडाजवळ घेऊन म्हणाला, "यातल्या कुणाचं लगीन जमलं तर कार्यालय फुकट. मांडव माझा, जेवण बी माझं. शब्द हाय."

टाळ्या पडल्या. आमच्याच माणसांच्या टाळ्या.

माझ्या शेजारी कोमल होती. चौदा वर्षांची, आमच्याच वस्तीतली, आई नसलेली. तिनं पाकीट वर धरलं नव्हतं. पोटाशी धरून उभी होती. पुतण्यानं मोबाईल खाली न करता आवाज दिला, "ए चावरे, वर धर की!"

लोक पुन्हा हसले. चावरी म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये फार थोड्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं तेही गप्प बसले. मी त्यातलीच एक होते. त्या शब्दापाशी येण्याआधी मला आठ दिवस मागं जावं लागेल.

सिंदफणेला पाणी आलं की ते आधी आमच्याच वस्तीत येतं. नदीला आमचा राग नाही. गावानंच आम्हाला खालच्या अंगाला बसवलंय, आमच्या आज्या-पणज्यांच्या काळापासून. वरचं गाव कोरडं राहिलं. वरच्या आळीतली माणसं गच्चीवरून आमची घरं वाहताना मोबाईलवर काढत होती. आम्हाला ट्रॅक्टरमध्ये भरून माजलगाव रस्त्यावरच्या या कार्यालयात आणून सोडलं. त्या दिवसापासून आमचं नाव 'पूरग्रस्त' पडलं. माणूस स्वतःच्या तालुक्यात निर्वासित होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

कार्यालयात एक मोठा हॉल आणि दोन खोल्या. एका दारावर रंगानं लिहिलेलं 'वरपक्ष', दुसऱ्यावर 'वधूपक्ष'. वरपक्षात तांदळाची पोती ठेवली. वधूपक्षात आम्हा पोरींना झोपवलं. भिंतीला मोठा आरसा, कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नातल्या सुकलेल्या मुंडावळ्या. पहिल्याच दिवशी मी दार लावायला गेले तर आतून कडीच नाही. नुसती चार भोकं. बाहेरून मात्र लखलखीत स्टीलची कडी.

कार्यालय झाडणारी मावशी होती. तिला विचारलं.

"मागं एक नवरी आतनं कडी लावून बसलती," मावशी म्हणाली. "मला न्हाई करायचं लगीन म्हनून. समदं वऱ्हाड ताटकळलं. दुसऱ्या दिशी मालकानं आतल्या कड्याच काढून टाकल्या. म्हनला, माझ्या कार्यालयात पुन्यांदा आसं व्हायला नको."

त्या नवरीचं पुढं काय झालं, ते मावशीला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मालकाच्या ओळखीतली एक बाई आली. सगळे तिला मॅडम म्हणत. इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र. तिनं आम्हा पोरींना गोळा केलं. "मुलींच्या सुरक्षेसाठी समिती करायची आहे," ती म्हणाली. "अक्षर कुणाचं चांगलं आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचे. मॅडमनी कोरे कागद दिले. नाव, वय, मोबाईल, खोली. मी पट्टी घेऊन रकाने आखले. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, मी माझ्या डोक्यानं एक रकाना वाढवला. 'आई-वडील सोबत आहेत का.' ज्या पोरींजवळ कुणी नव्हतं, त्यांच्या नावापुढं लाल पेननं खूण केली. सहा पोरी. मला वाटलं, मदत यायची तर आधी यांच्याकडं यावी. कोमलच्या नावापुढं लिहिलं, 'आई नाही. वडील वस्तीवर.' तिचा बाप म्हशीजवळ थांबला होता. घराच्या जागी चिखल उपसत होता.

मॅडम म्हणाल्या, "हुशार आहेस गं." मला लई भारी वाटलं. ते वाटणं आठवलं की आजही अंगाला काटा येतो.

मॅडमनी यादीचा फोटो काढून मदतीच्या ग्रुपवर टाकला आणि मलाही त्या ग्रुपात घेतलं. कागद वधूपक्षाच्या दारावर चिकटवला. स्वयंसेवकांना कळायला पाहिजे, म्हणाल्या. त्याच दिवशी फोन सुरू झाले. जेवलीस का. काही लागतं का. फोटो पाठव. रस्त्यावर ये, गाडी घेऊन येतो. पोरी आधी एकमेकींना चिडवत होत्या, मग नंबर ब्लॉक करायला लागल्या, मग मोबाईलच बंद करून ठेवायला लागल्या. फोन फक्त सहाजणींना येत होते. बाकीच्या पंचवीसजणींना एकसुद्धा नाही. हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. त्या सहाजणी म्हणजे माझ्या लाल खुणा होत्या.

तोवर तलाठ्यानं निरोप धाडला की पंचनाम्याच्या वेळी घरचं माणूस घरापाशी पाहिजे. मग रोज सकाळी टेंपो भरून मोठी माणसं वस्तीवर जायला लागली, ती दिवस मावळताना परत यायची. दिवसा कार्यालयात म्हातारीकोतारी आणि आम्ही. पुतण्या आमच्या आयांना म्हणाला, "काळजी करू नका मावशे. भायेरून कडी लावून ठेवतो. पोरी शेफ राहतील."

आयांनी त्याला हात जोडले. माझी आई म्हणाली, "लई गुनाचं पोरगं हाय."

पाचव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बाहेरची कडी वाजली. दार थोडं उघडून पुतण्या म्हणाला, "कोमल, तुझ्या बापाचा फोन आलाय. हापिसात ये."

कोमल उठून पळाली. बापाशी बोलून तिला चार दिवस झाले होते. तिच्या मागं दार पुन्हा बंद झालं, बाहेरून. माझ्या शेजारी रुबीना बसली होती, सलीमचाचा मेकॅनिकची पोरगी. ती म्हणाली, "पन तिच्या बापाचा मोबाईल तं पान्यात गेला ना?"

कुणाचा मागून घेतला असेल, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात कोमल ओरडली.

तीस पोरींनी दार बडवलं. हातानं, ताटानं, पाण्याच्या कळशीनं. दार आतल्या बाजूला उघडणारं, ढकलून काय होतंय? आम्हाला सुरक्षित ठेवायला लावलेली कडी. त्या आवाजानं मावशी खराटा टाकून आली आणि तिनं कडी काढली. समोरून कोमल पळत येत होती. ओढणी नव्हती. ओठाला रक्त होतं, आणि ते तिचं नव्हतं.

"त्यानं दार लावून घेतलं," ती म्हणाली. "मी चावले. जोरात चावले."

मग तिनं चूळ भरली. पुन्हा भरली. अर्धी कळशी पाणी तिनं तोंडात घेऊन थुंकलं.

आया परत आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आईनं मॅडमना सांगितलं. मॅडमनी कोमलला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाल्या, "पण काही झालं नाही ना? मग वाढवू नका. पोरीचं नाव जाईल आणि तुमच्या डोक्यावरचं छप्परही." दुसऱ्या दिवशी कोमलचा बाप आला. भिंतीला टेकून बसला. चिखलानं भरलेले हात त्यानं धुतलेसुद्धा नव्हते. म्हणाला, "लगीन लावून टाकतो. जोखीम किती दिस संभाळू?"

जोखीम म्हणजे कोमल. पट्टी बांधून हिंडणाऱ्या त्या सांडाला कुणी जोखीम म्हणालं नाही.

मी दाराकडं गेले. यादी तिथंच होती. माझं वळणदार अक्षर. कोमल, वय १४, आई नाही, वडील वस्तीवर, लाल खूण. त्या हरामखोराला कुठल्या पोरीला बापाच्या नावानं हाक मारायची, हे कुणी सांगितलं होतं? मीच लिहून दिलं होतं. पट्टीनं रेघा मारून. मी कागद फाडला आणि त्याचे तुकडे कितीतरी वेळ मुठीत धरून बसले. पण फोटो ग्रुपवर होता. तो कसा फाडणार?

दोन दिवसांनी त्या स्टेजवर पुतण्या म्हणाला, "ए चावरे, वर धर की!"

माझा हात खाली आला. पाकीट मी फेकलं नाही, पॅड लागणारच होते. मालकाचा फोटो खालच्या अंगाला करून ते काखेत धरलं, कोमलचा हात धरला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले. मागून रुबीना आली. आणखी दोघी आल्या. बाकीच्या थांबल्या. त्यांना मी दोष देत नाही.

"ए पोरी, फोटू व्हायचाय अजून," मालक माईकवरून म्हणाला.

"तुमचा झाला," मी म्हणाले. "आमचा काढायचा न्हाई."

माझा आवाज माझ्याच कानाला अनोळखी वाटला. शेवटच्या पायरीवर मी धडपडले, आणि लोक हसले. हसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या माणसांबरोबर मी टेंपोत चढले. आमचं घर म्हणजे आता चिखलात उभी एक चौकट होती. एका बिजागरीवर दार लोंबत होतं आणि त्याला आतली कडी तशीच होती. लोखंडी कडी-कोयंडा, तेल न दिलेला, लावताना कुरकुरणारा. रोज झोपायच्या आधी आईचा शेवटचा प्रश्न असायचा, "कडी लावली का गं?" मला त्याचा कंटाळा यायचा. घरात चोरून न्यायला होतं काय? पण ती कडी आमच्या हातात होती. दार कुणासाठी आणि कधी उघडायचं, ते आम्ही ठरवत होतो. एवढी श्रीमंती आमच्याकडं होती आणि आम्हाला तिचा पत्ता नव्हता.

मी दगडानं कडी ठोकायला लागले. बाप फावडं टाकून आला.

"कडी कावून काढती? पंचनामा व्हायचाय अजून."

"पंचनाम्यात कडीचा रकाना न्हाई, बा."

त्यानं खुरप्याचं टोक घालून एकेक खिळा उचकटला. कुठं लावायची, विचारलं नाही. त्याला कळलं होतं.

त्या दिवशी टेंपो दुपारच्या आतच परतला. आल्याबरोबर सलीमचाचाकडं पेचकस मागितला. त्याचं गॅरेज बुडालं होतं, पण हत्यारांची पिशवी त्यानं पाठीला बांधून आणली होती.

"मालकाचं दार हाय, बेटा," तो म्हणाला. "हमकू कल भी रोटी इधरीच खाना हाय."

रुबीनानं नुसता हात पुढं केला. चाचानं पेचकस आणि चार स्क्रू तिच्या हातावर ठेवले आणि आमच्याकडं पाठ करून बसला. "मैं कुछ देख्या नै," म्हणाला.

जुनी चार भोकं आमच्या कडीला जुळेनात. आम्ही मोळ्यानं नवी पाडली. कोमलनं कडी धरली, रुबीनानं पेचकस फिरवला. तिरपी बसली, पण बसली. कोमलनं ती लावली. काढली. पुन्हा लावली. आत आम्ही आणि बाहेर ते. नऊ दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

मग मी कागद मागितला आणि रकाने आखले. या यादीत पोरींची नावं नव्हती. नंबर, कधी फोन आला, काय म्हणाला. सहाजणींच्या मोबाईलमधून अकरा नंबर निघाले. सगळ्यात वर पुतण्याचं नाव लिहिलं. 'बापाचा फोन आहे म्हणून बोलावलं. दार लावलं. ओळखायची खूण : उजव्या हाताला चावा.' लाल पेननं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. वधूपक्षाच्या दारावर, पहिल्या यादीच्या जागी, तो कागद चिकटवला आणि फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकला.

पुरात आम्ही घरांच्या पत्र्यावर बसून हाका मारत होतो तेव्हा या लोकांना यायला अर्धा दिवस लागला होता. मालक दहा मिनिटांत आला. आणि त्यानं कागदाकडं पाहिलं नाही. त्यानं दाराकडं पाहिलं.

"माझ्या दाराला भोक कुनी पाडलं?"

"मी," मी म्हणाले.

"खाल्ल्या घरचे वासे मोजता व्हय रे? कुनाची पोरगी हाय ही?"

बाप उठायला लागला, पण त्याच्या आधी आई उभी राहिली. त्याच पोराला गुणाचं म्हणणारी माझी आई.

"माझी हाय," ती म्हणाली. "आन कोमल बी माझीच हाय. कागद वाचा आधी."

त्यानं कागद फाडला. दिवस मावळायच्या आत कार्यालय खाली करा, म्हणाला. सगळ्यांना. एकतीस पोरी आणि त्यांची घरं, दोन्ही वेळचं जेवण, डोक्यावरचा स्लॅब, सगळं माझ्या एका कडीपायी गेलं. चुलतीनं मला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. "लई शानी झालीस," म्हणाली. तिच्या कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू होतं. तिचा राग खोटा नव्हता. पण तो चुकीच्या गालावर पडला.

निघताना मी कडी काढायला बसले. मालक म्हणाला, "ऱ्हाऊ दे की आता. भोक पाडलंच हाय तर."

"कडी आमची हाय," मी म्हणाले आणि चारही स्क्रू मोजून चाचाला परत दिले.

तिथून आम्ही चालत पोलीस ठाण्यात गेलो. कोमल, तिचा बाप, आई, रुबीना आणि मी. हवालदार म्हणाला, "पोरगी एकटी हापिसात गेलीच कशाला? आन त्याला तर कुत्रं चावलंय म्हनतोय तो."

"मग डॉक्टरला दाखवा," कोमल म्हणाली. आतापर्यंत मीच बोलत होते. ती पहिल्यांदा बोलली. "कुत्र्याचे दात आन माझे दात येगळे असतील ना?"

तिचा बाप तिच्याकडं बघतच राहिला. तक्रार लिहून घ्यायला त्यांना संध्याकाळ लागली. आम्ही उठलो नाही.

गोड शेवट नाही याला. केस चालू आहे. तारीख पडते, पुढं ढकलली जाते. पुतण्या बुलेटवरून हिंडतो. तहसीलनं आम्हाला एका शाळेत ठेवलं, मग पत्र्याच्या शेडमध्ये, मग पुन्हा त्याच खालच्या अंगाला. कोमलच्या बापानं लग्न लावलं नाही, पण तिला वडवणीला आत्याकडं धाडलं आणि तिची शाळा सुटली. मी दर रविवारी तिला फोन करते. आधी विचारते, कुणी बघायला आलं होतं का. आजवर दोनदा आले. दोन्ही वेळा तिनं आतून कडी लावून घेतली आणि ते परत जाईपर्यंत उघडली नाही. आत्या मला फोनवर शिव्या घालते. मी ऐकून घेते.

मी आता बीडला नर्सिंग शिकते. यंदा पुन्हा पाणी आलं, पुन्हा माणसं ट्रॅक्टरमधून आणून सोडली, या वेळी दुसऱ्या कुठल्या गावची. कॉलेजनं आम्हाला मदतीला पाठवलं. तिथं एक मॅडम भेटल्या. वेगळ्या मॅडम, साडी तशीच इस्त्रीची. माझा फॉर्म बघून म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं. मुलींच्या सुरक्षेसाठी एक यादी करून दे ना. नाव, वय, मोबाईल, सोबत कोण आहे."

"यादी होणार न्हाई," मी म्हणाले. "पोरी झोपतात ती खोली दाखवा."

त्यांना राग आला. नियम सांगितला, वरून आलेला कागद दाखवला. मी तिथंच उभी राहिले. शेवटी त्यांनी खोली दाखवली. आत वीसेक पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या, दाराकडं बघत. मी दार लावून पाहिलं. आतून कडी नव्हती.

माझ्या पिशवीत होती. पेचकससुद्धा होता. मी खाली बसले आणि पोरींना म्हटलं, "या गं, धरा एकीनं."